सोलच्या उत्तरेला

27 जुलै 1953 ला पानमुनजोममध्ये जी शस्त्रसंधी झाली, तिच्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे जनरल मार्क क्लार्क, उत्तर कोरियाचा किम इल सुंग आणि चीनचे पंग दहुआइ यांच्या सह्या आहेत. दक्षिण कोरियाची सहीच नाही. राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांना अख्खा देश एक केल्याशिवाय लढाई थांबवायची नव्हती. मागाहून शांततेचा तह व्हायचा होता. सत्तर वर्षं उलटून गेली, तो झालेला नाही. उत्तर कोरियाशी युद्ध होईल का, असं आपण विचारतो तेव्हा हे विसरतो की एक युद्ध तिथे थांबलं आहे, मिटलेलं नाही.

*

सोल ते सीमा हे अंतर साधारण पन्नास किलोमीटर. सीएसएमटीहून कल्याण जेवढं, तेवढंच. राजधानी आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यात मिळून सुमारे अडीच कोटी माणसं राहतात, म्हणजे निम्मा दक्षिण कोरिया. उत्तरेच्या डोंगरांत लांब पल्ल्याच्या तोफा आणि रॉकेटं गेली कित्येक दशकं बोगद्यांत लपवून ठेवलेली आहेत. सोलला धोक्यात आणायला अणुबाँबची गरज कधीच नव्हती.

हे शहर 1950-51 च्या नऊ महिन्यांत चार वेळा या हातातून त्या हातात गेलं. जूनमध्ये उत्तरेने घेतलं, सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सेनेने परत मिळवलं, जानेवारीत चिनी आणि उत्तर कोरियाई फौजा आल्या, मार्चमध्ये त्या हटल्या. आज तिथल्या मेट्रो स्टेशनांवर काचेच्या कपाटांत गॅस मास्क ठेवलेले असतात आणि लोक त्यांच्याकडे न बघता गाडी पकडतात. याला बेफिकिरी म्हणू नये. रोज भीत राहून कोणालाच नोकरी आणि मुलंबाळं सांभाळता येत नाहीत.

*

एका झाडाची गोष्ट.

पानमुनजोमच्या संयुक्त सुरक्षा क्षेत्रात एक पॉप्लरचं झाड होतं. दोन चौक्यांमधली नजर त्याच्या फांद्यांनी अडायची. 18 ऑगस्ट 1976 ला अमेरिकी आणि दक्षिण कोरियाई तुकडी फांद्या छाटायला गेली. उत्तरेच्या सैनिकांनी आधी थांबा म्हटलं, मग कामगारांच्याच कुऱ्हाडी उचलल्या. कॅप्टन आर्थर बोनिफस आणि लेफ्टनंट मार्क बॅरेट हे दोन अमेरिकी अधिकारी मारले गेले.

तीन दिवसांनी, 21 ऑगस्टला सकाळी, ते झाड तोडायला माणसं पाठवली गेली. त्यांच्या मागे सशस्त्र सैनिक, वर हेलिकॉप्टरं, त्याहून वर बी-52 बाँबफेकी विमानं, समुद्रात विमानवाहू जहाज मिडवे. पाऊण तासात झाड पडलं. उत्तरेचे सैनिक मोठ्या संख्येने समोर आले, पण गोळी झाडली नाही कोणीच. त्याच दिवशी किम इल सुंगने खेद व्यक्त करणारा निरोप पाठवला.

ही हकिगत बहुतेकदा ताकद दाखवल्याचा विजय म्हणून सांगितली जाते. मला ती वाचताना धडकी भरते. त्या पाऊण तासात एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातून बंदूक सुटली असती तर? झाडासाठी तिसरं महायुद्ध, असं इतिहासात लिहायला कोणी उरलं असतं का, कोणास ठाऊक. तोवर त्या क्षेत्रात दोन्हीकडचे पहारेकरी एकमेकांत मिसळून वावरत. त्यानंतर मधोमध काँक्रीटची पट्टी आली आणि ते वावरणंही संपलं. उत्तर आणि दक्षिणेमध्ये 1971 साली सुरू झालेला फोनही उत्तरेने त्याच महिन्यात तोडला.

*

त्या दिवशी पाठबळासाठी सज्ज ठेवलेल्या दक्षिण कोरियाच्या विशेष दलात एक तरुण सैनिक होता, मून जे-इन. त्याचे आईवडील उत्तरेतले. डिसेंबर 1950 मध्ये हुंगनाम बंदरातून 'मेरेडिथ व्हिक्टरी' नावाच्या मालवाहू जहाजाने सुमारे 14,000 निर्वासित बाहेर काढले, त्या गर्दीत ते दोघं होते. मुलगा दक्षिणेत, गोजे बेटावर जन्मला.

हाच मून पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि 27 एप्रिल 2018 ला त्याच पानमुनजोममध्ये उत्तरेचा नेता किम जोंग उन याचा हात धरून ती काँक्रीटची पट्टी ओलांडून क्षणभर उत्तरेत गेला. नंतर दोघं एका निळ्या पादचारी पुलाच्या टोकाशी बाकावर अर्धा तास बोलत बसले. जवळ कोणी नव्हतं. कॅमेरे दुरून दाखवत होते, शब्द ऐकू येत नव्हते. त्या भेटीतून हाती फार काही लागलं नाही, हे खरं. हानोईतली ट्रम्प-किम बोलणी फेब्रुवारी 2019 मध्ये फिसकटली आणि जून 2020 मध्ये केसाँगमधलं दोन्ही देशांचं संपर्क कार्यालय उत्तरेने स्फोटाने उडवून दिलं. तरीही झाडाच्या वेळी बंदूक घेऊन तयार असलेला माणूस बोलायला गेला, याचं मोल मी कमी धरणार नाही. युद्धाच्या जबड्यातून आईबाप वाचलेल्या माणसाला ते काय असतं हे ठाऊक होतं.

*

"तो वेडा आहे." कोणत्याही किमबद्दल हे वाक्य हमखास ऐकू येतं. वेडा असता तर घराण्याची तिसरी पिढी गादीवर बसली नसती. इराकचं काय झालं, अणुकार्यक्रम सोडून दिलेल्या लिबियाच्या गद्दाफीचं 2011 मध्ये काय झालं, हे तिथे नीट बघितलं जातं. जून 2025 मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर पडलेले बाँबही बघितले गेले असणार. क्रूर माणूस हिशेबी असू शकतो. त्याला वेडा ठरवलं की त्याच्याशी बोलण्याचं काम टळतं, आणि नेमकं तेच सोयीचं असतं.

*

1994 च्या उन्हाळ्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. तेवढं जवळ युद्ध त्यानंतर क्वचितच आलं असेल.

योंगब्योनच्या अणुभट्टीतून उत्तरेने वापरलेलं इंधन बाहेर काढायला सुरुवात केली होती. त्यातून बाँबपुरतं प्लुटोनियम निघू शकत होतं. मार्चमध्ये पानमुनजोमच्या बैठकीत उत्तरेच्या प्रतिनिधीने सोलचा अग्निसागर करण्याची धमकी दिली. जूनमध्ये सोलच्या दुकानांतून तांदूळ आणि रामेनची पाकिटं भराभरा संपू लागली. अमेरिकेचे संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी योंगब्योनवर हल्ल्याचा आराखडा तयार करवून घेतला होता. युद्ध झालंच तर पहिल्या 90 दिवसांत 52,000 अमेरिकी आणि 4,90,000 दक्षिण कोरियाई सैनिक मृत किंवा जखमी होतील, असा लष्कराचा अंदाज होता. नागरिक त्यात धरलेले नाहीत.

16 जूनला व्हाइट हाउसमध्ये बैठक चालली होती. आणखी फौज पाठवायची, किती पाठवायची, हा विषय. जास्त फौज उतरली की उत्तर आधीच हल्ला करील, ही भीती त्याच खोलीत बोलून दाखवली जात होती. तेवढ्यात प्योंगयांगहून माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा फोन आला. किम इल सुंग अणुकार्यक्रम गोठवायला आणि निरीक्षकांना राहू द्यायला तयार आहे, आणि मी हे आता सीएनएनवर सांगणार आहे, असं ते म्हणाले. ते तिथे खासगी नागरिक म्हणून गेले होते. बैठकीतल्या मंडळींना ते आवडलं नाही. सगळे टीव्हीपुढे जाऊन बसले.

तीन आठवड्यांनी, 8 जुलैला, किम इल सुंग वारला. तरी ऑक्टोबरमध्ये जिनिव्हात करार झाला आणि योंगब्योनची भट्टी आठ वर्षं बंद राहिली. करारात दोष होते. उत्तरेने मागच्या दाराने युरेनियमचा मार्ग धरला, अमेरिकेने कबूल केलेल्या अणुभट्ट्या रेंगाळत ठेवल्या, आणि 2002 च्या अखेरीस सगळं कोसळलं. जानेवारी 2003 मध्ये उत्तर कोरियाने अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, 9 ऑक्टोबर 2006 ला पहिली चाचणी केली. 2017 पर्यंत सहा झाल्या. आठ वर्षं बंद भट्टी आणि त्यानंतर सहा स्फोट, हे दोन्ही शेजारी मांडून बघावं. सदोष करार मोडण्याची किंमत कोणी मोजली?

*

रंगून, 9 ऑक्टोबर 1983. उत्तरेच्या हस्तकांनी पेरलेल्या स्फोटात 21 जण गेले, त्यात दक्षिण कोरियाचे मंत्री होते. राष्ट्राध्यक्ष चुन दू-ह्वान पोचायला उशीर झाला म्हणून वाचले. 1987 मध्ये कोरियन एअरच्या विमानात बाँब, 115 मृत. मार्च 2010 मध्ये 'चोनान' युद्धनौका बुडाली, 46 नौसैनिक गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये योनप्योंग बेटावर तोफगोळे पडले, दोन सैनिक आणि दोन नागरिक गेले. तेव्हा दक्षिणेला विमानांनिशी मोठा प्रतिहल्ला करायचा होता. अमेरिकेच्या नेत्यांनी कित्येक दिवस फोन करकरून तो रोखला, असं तेव्हाचे अमेरिकी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी पुढे लिहिलं.

आपली माणसं मारली गेली असताना हात आवरणं ही दुबळेपणाची खूण आहे, असं मला वाटत नाही. त्या घरांना न्याय मिळाला नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवाव्या लागतात.

*

आता 8 सप्टेंबर 2022 चा कायदा. उत्तर कोरियाच्या संसदेने अण्वस्त्र कधी वापरायचं हे कायद्यात लिहिलं: नेतृत्वाच्या आज्ञाव्यवस्थेवर हल्ला झाला, तर अण्वस्त्रांचा मारा आपोआप आणि ताबडतोब व्हावा. इकडे दक्षिणेच्या संरक्षणनीतीत उत्तरेचा हल्ला येतोय असं दिसताच आधी त्यांची क्षेपणास्त्रं टिपण्याची योजना आहे, आणि अण्वस्त्र वापरलंच तर त्यांच्या नेतृत्वाचा नाश करण्याचीही.

हे दोन कागद एकत्र वाचावेत. एक बाजू म्हणते, चाहूल लागली की आम्ही आधी मारू. दुसरी म्हणते, आमच्या डोक्यावर घाव आला की आपोआप सुटेल. दोघांचाही हेतू हल्ला टाळण्याचा असू शकतो. पण मधे विचार करायला वेळ उरत नाही. उत्तरेहून निघालेलं क्षेपणास्त्र सोलला काही मिनिटांत पोचतं. 13 जानेवारी 2018 ला हवाईमध्ये क्षेपणास्त्र येत असल्याचा चुकीचा संदेश लोकांच्या फोनवर गेला आणि तो चुकीचा होता हे सांगायला 38 मिनिटं लागली. मला भीती वाटते ती या घाईची, किमच्या भाषणांची नाही.

*

उत्तर आणि दक्षिणेमध्ये रोज सकाळी नऊ आणि संध्याकाळी पाच वाजता फोन लावण्याची पद्धत होती. एप्रिल 2023 पासून उत्तर तो उचलत नाही. त्याआधी 2016-17 मध्येही फोन तुटले होते, तेव्हा पानमुनजोमच्या सीमेवर उभं राहून भोंग्यातून ओरडून निरोप द्यावा लागे. त्यातल्या त्यात संयुक्त राष्ट्र कमांडचा उत्तरेच्या लष्कराशी संपर्क टिकून आहे. जुलै 2023 मध्ये एक अमेरिकी सैनिक पळून उत्तरेत गेला, तेव्हा तोच कामी आला.

प्योंगयांगमध्ये दूतावास ठेवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. 1973 पासूनचे संबंध. कोविडकाळात, 2021 मध्ये, कर्मचारी परत आले. 2024 च्या अखेरीस काम पुन्हा सुरू करण्याची पावलं पडली. हे योग्य झालं. तिथे उपयोग काय, असा प्रश्न शांततेच्या दिवसांत विचारता येतो.

*

या कहाणीत एक मराठी माणूस आहे आणि तो आपल्या आठवणीतून निसटत चालला आहे. शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचं काय करायचं, यावरच बोलणी दीड वर्ष अडली होती. शेवटी तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या, आणि 22,000हून अधिक कैद्यांची राखण करायला भारतीय अभिरक्षक दल, त्याचे प्रमुख कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. सिंगमन री भारतावर इतके रागावलेले की आपल्या भूमीवर भारतीय सैनिकाचा पाय पडू देईनात. आपल्या जवानांना जहाजांवरून थेट हेलिकॉप्टरने सीमापट्ट्यात नेऊन उतरवलं गेलं.

सप्टेंबर 1953 मध्ये कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला ओढून छावणीच्या आत नेलं. थोरात निःशस्त्र, मोजक्या सोबत्यांसह, त्या खवळलेल्या जमावात शिरले. बोलले. ग्रेवालना घेऊन बाहेर आले. गोळी चालली असती तर तारेच्या त्या एका कुंपणाआड किती मेले असते आणि शस्त्रसंधीचं काय झालं असतं, कल्पना करवत नाही. कुठल्याच देशात राहायचं नाही म्हणणारे 88 कैदी 1954 मध्ये आपल्या सैनिकांबरोबर भारतात आले. शाळेच्या इतिहासात या प्रसंगाला एक परिच्छेद तरी मिळायला हवा.

*

युद्धात अमेरिकेने कोरियावर सुमारे 6,35,000 टन बाँब टाकले, 32,000 टनांहून अधिक नापामही. प्योंगयांगमध्ये इमारती जवळजवळ उरल्या नव्हत्या. उत्तरेची सत्ता ही आठवण रोज उगाळते आणि तिच्यावर स्वतःचा जुलूम झाकते. पण ती आठवण तिने बनवलेली नाही.

*

महाराष्ट्रातल्या घराघरांत मुली कोरियाई मालिका बघतात, त्यातले शब्द बोलतात. उत्तर कोरियात 2020 च्या कायद्याने त्याच मालिका बघितल्या तर श्रमछावणी, आणि वाटल्या तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा. नव्वदच्या दशकातल्या दुष्काळात तिथे लाखो माणसं मेली. सरकारी शिधा बंद पडला, तेव्हा बायकांनी बाजार मांडून घरं जगवली. 2009 मध्ये पळून दक्षिणेत पोचलेल्यांची संख्या 2,900 च्या वर होती; 2022 मध्ये ती 67 वर आली, कारण कोविडच्या निमित्ताने सीमा कुलूपबंद झाली. युद्धाचा हिशेब मांडताना आपण सोलची माणसं धरतो. सर्वात आधी मरणारी ही पलीकडची अडीच कोटी माणसं असतील, आणि त्यांना कोणी कधी मत विचारलेलं नाही.

*

1983 मध्ये दक्षिण कोरियाच्या केबीएस वाहिनीवर युद्धात ताटातूट झालेल्या नातेवाइकांना शोधण्याचा कार्यक्रम सुरू झाला. थोडक्यात आटपायचा तो 138 दिवस चालला. उत्तरेत राहिलेल्यांची भेट मात्र सरकारांच्या मर्जीवर. भेटीसाठी नाव नोंदवलेले सुमारे 1,34,000 जण, चिठ्ठी काढून निवड, कुमगांग पर्वतावर काही तासांची भेट, मग कायमचा निरोप. शेवटच्या भेटी ऑगस्ट 2018 मध्ये झाल्या. नोंदवलेल्यांपैकी आता चाळीस हजारांहून कमी हयात आहेत आणि त्यातले बहुतेक ऐंशीच्या पुढचे. किम जोंग उनने 2023 च्या अखेरीस दक्षिण हा वेगळा, शत्रू देश आहे आणि एकीकरण संपलं असं जाहीर केलं. जून 2025 मध्ये दक्षिणेच्या नव्या सरकारने सीमेवरचे प्रचाराचे भोंगे बंद केले. पुढचं पाऊल म्हणून या म्हाताऱ्यांच्या भेटींची मागणी त्या सरकारने अण्वस्त्रांच्या बोलण्यांची वाट न बघता, कसलीही अट न घालता मांडावी. उत्तर नाही म्हणेल. तरी दर महिन्याला मांडावी.