चैत्रगौरीची आरास

चैत्रगौर झोपाळ्यावर बसली, की अक्षय तृतीयेपर्यंत सोयीचा दिवस पाहून हळदीकुंकू करता येतं. यंदा मी दिवस धरला तो अंगणातल्या सोनचाफ्याकडे पाहून. आंब्याची डाळ, पन्हं आणि हरभरे जावांनी वाटून घेतले. फुलं माझ्याकडे आली.

चैत्रात घरी मोगरा, जास्वंद, सोनचाफा असतो, पण मोठ्या आराशीला लांब देठ लागतात. म्हणून उजाडताच नाशिकच्या गणेशवाडीचा फुलबाजार गाठला. सप्तशृंग गडावर चैत्रोत्सव चालू होता, हारवाल्यांची झुंबड होती. गुलछडीच्या काड्या, जरबेरा आणि डच गुलाबांची जुडी घेतली. हे गुलाब दिंडोरी तालुक्यातले, जानोरी-मोहाडीकडच्या पॉलिहाऊसमधले. व्हॅलेंटाइन डेला असलेच गुलाब परदेशी जातात. मुघल काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. आजचा गुलाब प्लॅस्टिकच्या छताखाली वाढतो, तरी तो मला आपलाच वाटतो. त्याला वास मात्र जवळजवळ नसतो, आणि गौरीपुढे वास हवाच. तो घरच्या फुलांनी द्यायचा, असं माझं ठरलेलं आहे.

गुलाबाचे देठ बादलीतल्या पाण्यात बुडवूनच तिरपे कापले, म्हणजे आत हवा शिरत नाही आणि माना पडत नाहीत. पाण्याखाली येतील ती सगळी पानं काढली. ती कुजली की पाणी नासतं. जरबेराचा देठ मऊ, लवदार. खोल पाण्यात तो सडतो, म्हणून त्याला वेगळी लोटी आणि दोन बोटं पाणी.

फुलं खोचायला बाजारात हिरवा स्पंज मिळतो. तो प्लॅस्टिकचाच, आणि निर्माल्याबरोबर गोदावरीत जाण्याची भीती. त्यापेक्षा पितळी घंगाळाच्या तोंडाशी कडुलिंबाच्या काटक्या आडव्या-उभ्या अडकवल्या. त्या जाळीत देठ घट्ट बसतात. मागे गुलछडी, मध्ये गुलाब, कडेनं आंब्याची तांबूस पालवी आणि कैऱ्यांचा एक घोस. पालवीनं आराशीला खरा चैत्र आला.

सोनचाफा अगदी शेवटी, देठाला धरून ठेवला, कारण पाकळीला बोट लागलं तरी तपकिरी डाग उठतो. जास्वंदीला पाणी नसलं तरी चालतं, ती नुसती गौरीच्या पायाशी मांडली. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या दुपारीच काढून पसरट परातीत पाण्यावर सोडल्या. त्या दिवेलागणीला उमलतात, आणि बायका यायची वेळही तीच. उंबऱ्यातच एक आजी थांबल्या आणि मोगरा घरचा का, म्हणून विचारलं. गुलाबांबद्दल कुणीच काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी जास्वंद, चाफा, मोगरा बदलला. गुलाबांचे देठ थोडे छाटून पाणी नवं भरलं. गुलछडीची खालची सुकलेली फुलं खुडली. वरच्या कळ्या अजून उमलायच्या होत्या.