आपलेच नाणे

तुमच्याजवळ एखादे नाणे असेल, तर ते जरा तळहातावर घ्या. त्याची कड गुळगुळीत आहे की दातेरी? त्यावरचे साल स्पष्ट दिसते की पुसट झाले आहे? आपण रोज नाणी घेतो आणि देतो. पण त्यांच्याकडे पाहत मात्र नाही. मीही पाहत नव्हतो. उर्दूत आपण ज्याला सिक्का म्हणतो, त्याला मराठीत नाणे म्हणतात, एवढेच मला ठाऊक होते. नाणे पाहायला मी शिकलो ते फार उशिरा आणि फार दूर, अमेरिकेत. ती हकीकत आज तुम्हांला सांगतो.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे फिलाडेल्फिया या शहरात राहिलो. अमेरिकेची पहिली टांकसाळ याच शहरात सुरू झाली. त्यासाठी २ एप्रिल १७९२ रोजी कायदा झाला आणि मार्च १७९३ मध्ये तांब्याची ११,१७८ सेंट नाणी टांकसाळीतून बाहेर पडली. शंभर सेंट म्हणजे एक डॉलर. हे एक सेंटचे नाणे पुढे दोनशेहून अधिक वर्षे पाडले जात होते. चलनासाठी ते पाडणे २०२५ मध्ये थांबले.

एकदा मी तेथील टांकसाळ पाहायला गेलो होतो. परत येताना एका गल्लीत जुन्या नाण्यांचे एक छोटेसे दुकान दिसले. सहज आत शिरलो. दुकानदार वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या हातात भिंग होते.

"तुमच्याकडचे सर्वांत स्वस्त जुने नाणे दाखवा," मी म्हणालो.

ते हसले. त्यांनी पाच सेंटच्या नाण्यांनी भरलेली एक वाटी पुढे केली. नाण्याच्या एका बाजूला अमेरिकेतील मूळ रहिवाशाचा चेहरा होता आणि दुसऱ्या बाजूला मोठा रानगवा. या नाण्याला तेथे 'बफेलो निकेल' म्हणतात. १९१३ ते १९३८ या काळात ते पाडले जात असे.

"पण यावर साल कोठे आहे?" मी विचारले.

"झिजून गेले," ते म्हणाले. "साल उंचवट्यावर कोरले होते. लोकांच्या बोटांनी आधी तेच पुसले गेले. साल नाही, म्हणून तर हे स्वस्त आहे!"

मी एक नाणे विकत घेतले. त्या दिवसापासून दर शनिवारी त्या दुकानात जाण्याचा मला छंदच जडला.

तुम्हांला वाटेल, जुने नाणे म्हणजे महाग नाणे. मलाही तसेच वाटे. पण तसे नसते. ते नाणे किती शिल्लक आहे आणि ते कोणत्या स्थितीत आहे, हे आधी पाहतात. स्थिती ठरवण्यालाच दर्जा ठरवणे म्हणतात. ते कसे करतात, हे दुकानदारांनी मला एका साध्या नाण्यावरून शिकवले. १८५९ ते १९०९ या काळातील एक सेंटच्या नाण्यावर पिसांचा मुकुट घातलेला एक चेहरा आहे. मुकुटाच्या पट्टीवर 'लिबर्टी', म्हणजे स्वातंत्र्य, हा शब्द कोरलेला आहे. इंग्रजीत त्याची सात अक्षरे होतात. सातही अक्षरे वाचता आली, तर नाणे बऱ्यापैकी चांगले. तीनच अक्षरे दिसली, तर त्याहून हलके. एकही अक्षर दिसले नाही, तर आणखी हलके. म्हणजे नाणे किती हातांतून फिरले आहे, हे ती अक्षरेच आपल्याला सांगतात.

नाण्यांना गुणही देतात. तुम्हांला परीक्षेत शंभरपैकी गुण मिळतात. अमेरिकन नाण्यांना मात्र सत्तरपैकी मिळतात. याचे कारण मोठे गमतीचे आहे. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या संग्राहकाने जुन्या सेंट नाण्यांवर एक पुस्तक लिहिले. १७९४ सालच्या सेंटच्या किमती पाहून त्याने आपली मोजपट्टी तयार केली. अगदी झिजलेल्या नाण्याची किंमत एक डॉलर धरली, तर उत्तम नाण्याची सत्तर डॉलर होई. म्हणून जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला १ गुण आणि निर्दोष नाण्याला ७० गुण. पुढे किमती पार बदलल्या; पण मोजपट्टी तीच राहिली. आता सर्वच अमेरिकन नाण्यांना ती लावतात. जे नाणे व्यवहारात कधी वापरलेच गेले नाही, त्याला ६० ते ७० यांमधले गुण मिळतात.

मोजपट्टी असली, तरी भांडणे मिटली नाहीत. विकणारा म्हणे ६५, घेणारा म्हणे ६०. म्हणून १९८६ पासून तेथे नाण्यांना गुण देणाऱ्या स्वतंत्र कंपन्या निघाल्या. त्यांचे जाणकार नाणे तपासतात. एकाहून अधिक जण ते वेगवेगळे पाहतात. मग नाणे पारदर्शक डबीत बंद करून त्यावर गुण लिहितात.

हे सगळे ऐकून मीही स्वतःला जाणकार समजू लागलो. काही महिने पैसे साठवून मी चांदीचा एक डॉलर घेतला. तो १८८१ सालचा होता आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेला होता. वजन सुमारे २७ ग्रॅम. त्यात दहा भागांपैकी नऊ भाग चांदी. स्वातंत्र्यदेवतेच्या कानावरचे केस आणि मागच्या बाजूच्या गरुडाची छाती हे भाग आधी झिजतात. माझ्या नाण्यावर ते अगदी ठसठशीत होते. फक्त कडेला काळपट रंग चढला होता.

तो काळपटपणा मला खटकू लागला. आमच्या घरी अम्मी सणापूर्वी तांब्याची भांडी चिंच आणि मीठ लावून लख्ख करीत असे. मला ते आठवले. मी चिंच आणली, मीठ घेतले आणि तो डॉलर खसाखसा घासला. नाणे आरशासारखे चमकू लागले! मोठ्या आनंदाने मी ते दुकानदारांना दाखवायला नेले.

त्यांनी ते दिव्याखाली धरले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी दुसरा एक डॉलर काढला आणि दोन्ही नाणी माझ्यासमोर हळूहळू फिरवली. त्यांच्या नाण्यावर प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरत होता. माझ्या नाण्यावर तो एका जागी थांबला होता आणि केसासारखे बारीक असंख्य ओरखडे दिसत होते.

"टांकसाळीच्या छापातून आलेली चकाकी एकदाच मिळते," ते म्हणाले. "ती घासून आणता येत नाही. आता या नाण्याला गुण देता येणार नाहीत. याची किंमत फक्त चांदीची."

मला फार वाईट वाटले. पैसे गेले, याचे दुःख होतेच. पण शंभराहून अधिक वर्षे टिकलेली वस्तू मी एका संध्याकाळी बिघडवली, याचे दुःख त्याहून मोठे होते.

काही दिवसांनी गावात नाण्यांचे प्रदर्शन भरले. दुकानदारांनी आपल्या टेबलाचा एक कोपरा मला दिला. मी माझी चारपाच नाणी मांडली. त्यांत तो डॉलरही होता. दुपारी एक मुलगा आपल्या आजीबरोबर आला. तो तुमच्याच वयाचा असेल. त्याची नजर त्या चमकणाऱ्या डॉलरवर खिळली.

"हे नाणे कधीच वापरलेले नाही ना?" त्याने विचारले.

त्याने खिशातून नोटांची घडी काढली आणि मोजायला सुरुवात केली. त्याने वर्षभर साठवलेले पैसे होते ते. दुकानदार तेव्हा कॉफी आणायला गेले होते. मी नुसते "हो" म्हटले असते, तर माझे सगळे पैसे वसूल झाले असते. आणि तसे पाहिले, तर ते खोटेही नव्हते. मी घासण्यापूर्वी ते नाणे बहुधा वापरलेले नव्हतेच. मुलांनो, खरे सांगतो, तो "हो" माझ्या ओठांवर आला होता.

मी नाण्याकडे पाहिले. त्यावरचे ओरखडे मला आता भिंगाशिवायही दिसत होते. मी मुलाला टेबलाच्या आत बोलावले, हातात भिंग दिले आणि दोन नाणी दिव्याखाली फिरवून दाखवली. "हे मी घासले आहे. तू एवढे पैसे देऊ नकोस," मी म्हणालो. त्याने खूप वेळ पाहिले. मग नोटा खिशात ठेवल्या आणि साल स्पष्ट दिसणारा एक बफेलो निकेल घेऊन तो खुशीत निघून गेला.

दुकानदार परत आले. "डॉलर विकला का?" त्यांनी विचारले. "नाही," मी म्हणालो आणि घडलेले सांगितले. ते काही बोलले नाहीत. कॉफीचा पेला त्यांनी माझ्या हातात दिला.

नंतर एकदा मी शेल्डनविषयी वाचत होतो. वाचून थक्क झालो. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीत जुन्या सेंट नाण्यांचा मोठा संग्रह आहे. त्यातील उत्तम नाणी काढून घेऊन त्यांच्या जागी शेल्डनने आपली हलकी नाणी ठेवली होती, असे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आले! ज्याने साऱ्यांना मोजपट्टी दिली, त्याची नजर किती तीक्ष्ण असेल! पण त्या नजरेचा त्याने असा उपयोग केला. मग माझ्या लक्षात आले, की नजर असणे एक आणि जे दिसते ते खरे सांगणे दुसरे. दुसऱ्याच्या नाण्यातले दोष आपल्याला पटकन दिसतात. आपल्या नाण्याला गुण देताना मात्र हात सैल सुटतो. "आपलेच नाणे खोटे" असे आपण म्हणतो खरे. पण ते म्हणायला किती जड जाते, हे मला त्या दुपारी कळले.

तो डॉलर आजही माझ्याकडे आहे. डबीवर मी स्वतःच लिहिले आहे : '१८८१. घासलेले.'

आता एक काम करा. घरातील दहा नाणी गोळा करा. प्रत्येक नाणे कडेने धरा. त्याच्या दर्शनी भागावर बोटे लावू नका. आकडे, अक्षरे आणि चित्रे नीट पाहून प्रत्येकाला दहापैकी गुण द्या आणि ते वहीत लिहून ठेवा. मग तीच नाणी मित्राला द्या. तुमचे गुण मात्र त्याला सांगू नका. शेवटी दोघांचे गुण शेजारी शेजारी मांडून पाहा. फरक पडला, तर भांडू नका. नाणे पुन्हा उजेडात धरा.

आणि हो, एकही नाणे चिंचेने घासू नका!