मौनाचा अर्थ

रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात घटकाभर गप्पांचे घोळके जमतात. गेली दोन वर्षे त्या आवारात आम्हां पतिपत्नींस एकच प्रश्न विचारला जातो, "झुरिचला लेक काय करते?" कुणाचा मुलगा दुबईस असतो, कुणाची सून इस्पितळात परिचारिका असते. त्यांचे उत्तर एका वाक्यात संपते. आमचे तसे संपत नाही. "पोस्टडॉक करते," असे म्हटले की समोरचा विचारतो, "म्हणजे अजून शिकतेच आहे?" त्यावर आम्ही ओशाळे हसतो आणि विषय बदलतो.

वास्तविक ती विद्यार्थिनी नाही आणि कायमच्या नोकरीतही नाही. पीएच.डी. पदरी पडल्यानंतर एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत मुदतीच्या करारावर संशोधन करावयाचे, या उमेदवारीच्या काळास पोस्टडॉक म्हणतात. वेतन मिळते, परंतु मुदत प्रकल्पाच्या निधीवर अवलंबून असते. तिचा करार प्रथम एका वर्षाचा होता, पुढे तो एकेक वर्षाने वाढत गेला. बंगळुरूमधील कायमची नोकरी नाकारून तिने ही वाट धरली, तेव्हा आम्ही नाराज झालो होतो. ते लपविण्यात अर्थ नाही.

तिचे काम आम्हांस समजले ते असे. आपल्या नेहमीच्या संगणकात माहिती साठविण्याची जागा एक आणि आकडेमोड करण्याची जागा दुसरी. धान्याची कणगी एका गावी आणि चूल दुसऱ्या गावी असावी, तसा हा संसार. मूठभर तांदळासाठी प्रत्येक वेळी हेलपाटा. यंत्राची पुष्कळ वीज या ये-जा करण्यातच खर्ची पडते. माणसाच्या मेंदूत मात्र कणगी आणि चूल एकाच ठिकाणी आहेत. सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, त्यांना परस्परांशी जोडणारे असंख्य सांधे, आणि आठवण साठते ती या सांध्यांतच. एवढा सारा कारभार चालतो अवघ्या वीस वॉटच्या आसपास. देव्हाऱ्यातील आल्तारासमोर आपण लावतो त्या लहानशा दिव्याएवढी ही शक्ती! उलट, २०२४ साली इंटेल कंपनीने जाहीर केलेल्या 'हाला पॉइंट' या यंत्रात ११५ कोटी कृत्रिम चेतापेशी होत्या आणि त्यास कमाल २,६०० वॉट वीज लागत होती. तेही या क्षेत्रातील काटकसरीचे यंत्र.

या विद्येचा पाया अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेत कार्व्हर मीड यांनी १९८०च्या दशकात घातला. ट्रान्झिस्टर पुरता उघडण्यापूर्वी त्यातून जो अतिसूक्ष्म प्रवाह पाझरतो, तो इतरांच्या लेखी गळती होता. मीड यांना त्यात चेतापेशीच्या वर्तनाशी साम्य दिसले आणि त्यांनी गळतीलाच कामास लावले. आमची लेक अशाच चिपांचे आराखडे तयार करते. तिची मोठी अडचण अशी की, इतक्या सूक्ष्म प्रवाहावर चालणारे कोणतेही दोन ट्रान्झिस्टर अगदी सारखे वागत नाहीत. "बाबा, मेंदूतल्या पेशीही सारख्या नसतात. तरी मेंदू चालतोच ना?" असे ती म्हणते.

गतवर्षीच्या हिवाळ्यात मात्र ती असे काही बोलेनाशी झाली. आठवड्यातून एकदा व्हिडिओवर भेट होई. आम्ही विचारीत असू, "काय विशेष?" ती म्हणे, "काही नवीन नाही." मग आमच्यापैकी एकजण तो ठरलेला प्रश्न विचारी, "कायम कधी होणार?" दुसरा तिच्या लग्नाचा विषय काढी. बोलणे पाच मिनिटांत आटपे. बातमी नाही त्या अर्थी सारे ठीक असेल, अशी आम्ही समजूत करून घेतली.

मे महिन्यात आम्ही तिच्याकडे गेलो. झुरिच विद्यापीठ आणि ईटीएच या दोन संस्थांनी मिळून १९९५ साली तेथे चेतामाहितीशास्त्राची एक संस्था स्थापन केली. तिथल्या प्रयोगशाळेत तिने आम्हांस एका कॅमेऱ्यासमोर बसविले. या जातीच्या कॅमेऱ्याचे संशोधन त्याच संस्थेतील मंडळींनी २००८ साली प्रसिद्ध केले होते. साधा कॅमेरा ठरावीक वेळाने संपूर्ण चित्र टिपतो. याचा प्रत्येक बिंदू आपल्यापुरता जागा असतो आणि आपल्या ठिकाणचा उजेड बदलला तरच संदेश धाडतो. आम्ही हात हालविले आणि पडद्यावर ठिपक्याठिपक्यांची आमची आकृती उमटली. "आता अजिबात हालू नका," ती म्हणाली. आम्ही निश्चल बसलो. क्षणार्धात पडदा रिता झाला. आम्ही तेथेच होतो, परंतु दिसत नव्हतो.

"बदल नाही, तर बातमी नाही. त्यानेच वीज वाचते," तिने सांगितले.

सायंकाळी इर्शेलच्या उद्यानात तळ्याकाठी बसलो असता तिने हिवाळ्याची हकीगत सांगितली. कित्येक महिने खपून केलेला आराखडा तिने कारखान्याकडे धाडला होता. चिप घडून आली, तपासली, तेव्हा तिच्याच हातून राहिलेली एक चूक निघाली. सिलिकॉनवर कोरलेले पुसता येत नाही. नव्याने आराखडा, नव्याने प्रतीक्षा. इकडे करार संपत आलेला आणि देशात राहण्याचा परवाना त्या कराराशी बांधलेला. "मग आम्हांस का सांगितले नाहीस?" आम्ही विचारले. ती थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही विचारलं असतंत, कायम कधी होणार."

आम्हांपाशी उत्तर नव्हते.

त्याच बाकावर तिने मिशा महोवाल्ड यांच्याविषयी सांगितले. जीवशास्त्र शिकून आलेली ही मुलगी मीड यांच्या हाताखाली कॅलटेकमध्ये डोळ्याच्या पटलासारखी सिलिकॉनची चिप घडवीत होती. आम्ही ज्या कॅमेऱ्यासमोर बसलो, त्याच्या घराण्याची ती मूळ पुरुष म्हणावी. १९९२ साली पीएच.डी. झाल्यावर ती ऑक्सफर्डला गेली आणि तेथून झुरिचच्या या नव्या संस्थेत आली. १९९६च्या अखेरीस, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, तिने स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. आज या क्षेत्रातील एक पारितोषिक तिच्या नावे दिले जाते. तिच्या मनात काय होते याचे तर्क करण्याचा अधिकार आम्हांस नाही. तीही कुणाची लेक होती, एवढेच त्या रात्री पुनःपुन्हा मनात येत राहिले, आणि दोघांनाही झोप लागली नाही.

सकाळी तिला सरळ विचारले, "तुला तसे काही वाटते का?" तिने आमच्याकडे नवलाने पाहिले. मग म्हणाली, "नाही. पण विचारलंत हे बरं केलंत. फेब्रुवारीत फार एकटं वाटत होतं." त्या दिवशी ती आमच्याशी दोन तास बोलली. तिने एका मैत्रिणीचे नाव सांगितले, विद्यापीठातील समुपदेशकाकडे ती जाते हेही सांगितले.

यंत्रात मौनाचा अर्थ सारे ठीक आहे असा होतो, आणि ते त्याचे सामर्थ्य आहे. माणसाच्या बाबतीत आम्ही तोच अर्थ लावला, ही आमची चूक. वाचकांपैकी अनेकांची मुले आज दूरदेशी आहेत, म्हणून ती येथे कबूल करीत आहोत.

आता फोनवर आम्ही "काय विशेष?" असे विचारीत नाही. काय रांधलेस, कुणाबरोबर जेवलीस, चिप आज कशी वागली, असे विचारतो. निम्मे आम्हांस कळत नाही, तरी ऐकतो. नवी चिप आली आहे. तिच्यातही दोष आहेत, पण चालते म्हणे.

परवा आवारात पुन्हा तोच प्रश्न आला. आम्ही उत्तरलो, "थोड्या विजेत काम करणारी, मेंदूसारखी यंत्रे घडविते. करार मार्चपर्यंत आहे." "आणि पुढे?" त्या गृहस्थांनी विचारले. "पुढचे तिलाही ठाऊक नाही," आम्ही म्हणालो. या खेपेस मात्र विषय बदलला नाही.