आदल्या रात्री

रात्री ओटा पुसून झाला, गॅसचं बटण बंद आहे ना हे दुसऱ्यांदा पाहून झालं, की दिवा मालवायच्या आधी मराठी स्वयंपाकघरात एक प्रश्न हमखास उभा राहतो. उद्या काय? डब्याला काय, सकाळी खायला काय, कुणाचा उपवास आहे का? भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे नजर जाते. १९७३ पासून ते तिथे लटकलेलं आहे. त्याच्या चौकटींत तिथी छापलेली असते, आणि तिच्याभोवती उरलेल्या जागेत दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, बाईची सुट्टी. उद्या चतुर्थी असेल तर साबुदाणा भिजायला हवा, आणि तो आत्ताच. सकाळी आठवून काही उपयोग नाही. गरम पाणी ओतलं तर त्याचा लगदा होतो, घाईने परतला तर दाताखाली कच्चा लागतो. सकाळची खिचडी आदल्या रात्रीच्या दोन मिनिटांवर अवलंबून असते, आणि ती दोन मिनिटं गेली की गेली.

दिवसाचं नियोजन कसं करावं यावर मी पुष्कळ वाचलेलं आहे. वाचायला मजा येते म्हणून वाचते, विशेषतः जानेवारीत. रंगीत चिठ्ठ्या, कामांचे चार चौकोन, पंचवीस मिनिटांचा गजर लावून काम आणि मग पाच मिनिटं विश्रांती. त्यातलं बरंचसं खरं आहे आणि थोडंफार माझ्याही उपयोगी पडलं. पण या सगळ्या पद्धती एकच विचारतात: तू काय करणार आहेस? माझ्या हातांनी व्हायच्या कामांची यादी करायची आणि मग ती माझ्या तासांत ठासून भरायची. स्वयंपाकघरातला प्रश्न जरा तिरका आहे. माझ्याशिवाय काय होणार आहे, आणि ते होण्यासाठी मी कधी हात लावायला हवा?

सकाळी साडेसहाला डबा करणाऱ्या कुणालाही बघा. पहिल्यांदा कुकर लागतो. वरणभात हे काही त्या सकाळचं सगळ्यांत महत्त्वाचं काम नसतं, भात तर कधीकधी डब्यात जातही नाही. पण कुकर एकदा चढला की त्याला आपली गरज नसते. मग कणीक. ती मळून झाकून ठेवायची, कारण तिलाही थोडं मुरायचं असतं. ती मुरेपर्यंत भाजी चिरायची, फोडणीला टाकायची, झाकण ठेवायचं. शिट्ट्या मोजायला कान मोकळे असतात. पोळ्या शेवटी, कारण पोळीपाशी मात्र उभंच राहावं लागतं. हाच क्रम उलटा करून पाहा, आधी पोळ्या लाटायला घ्या. तेवढंच काम, तेच हात, आणि आठ-दहाची बस हमखास चुकते.

हा क्रम कागदावर मांडायला मोठमोठ्या कारखान्यांना १९५७ साल उजाडलं. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी रासायनिक कारखान्यांच्या बांधणीसाठी एक रीत बसवली. कोणतं काम कुणासाठी थांबून आहे याचं जाळं काढायचं, आणि त्यातली सगळ्यांत लांब साखळी शोधायची. ती एका दिवसाने लांबली की सगळा कारखाना एका दिवसाने लांबतो, बाकीची कामं थोडी मागेपुढे झाली तरी चालतात. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी असलीच एक पद्धत वापरली. एवढ्या कामाला त्यांना गणकयंत्रं लागली. त्याबद्दल मला आदर आहे. फक्त वाटतं, त्या खोलीत अनारसे करणारी एखादी बाई बसवली असती तर बैठक जरा लवकर आटोपली असती.

अनारशांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. तांदूळ तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून कापडावर पसरायचे, आणि अगदी कोरडे होऊ न देता, हाताला जरा ओलसर लागत असतानाच कुटायचे. बारीक चाळणीने चाळून त्यात गूळ मिसळायचा, गोळे करायचे, आणि ते डब्यात मुरायला ठेवायचे, बरेच दिवस. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या ताटात अनारसा हवा असेल तर हिशोब उलटा मांडत यावं लागतं: तळण अमक्या दिवशी, म्हणून पीठ अमक्या दिवशी, म्हणून तांदूळ अमक्या दिवशी पाण्यात. बाजारात आकाशकंदील लागायच्या आधी कुणाच्या तरी घरात एक पातेलं झाकून ठेवलेलं असतं. या सगळ्या दिवसांत माणसाचे हात लागतात ते तास-दोन तास, बाकी सगळं पाणी आणि काळ करत असतात. एवढं करूनही अनारसा तुपात सोडला की हसू शकतो, म्हणजे विरघळून कढईभर पसरू शकतो. म्हणून आधी एकच सोडून बघायचा. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात, तेव्हा ही काळजी किती पटींनी वाढते ते ज्याचं त्याने ठरवावं.

स्वयंपाकघराचं शास्त्र करू पाहणारेही बरेच झाले. त्यांतली मला आवडणारी बाई म्हणजे लिलियन गिलब्रेथ. बारा मुलांची आई, कामाच्या हालचालींचा अभ्यास करणारी अभियंता. १९२९-३०च्या सुमारास तिने ओटा, कपाटं आणि शेगडी यांची अशी मांडणी केली की एक स्ट्रॉबेरी शॉर्टकेक करायला जिथे २८१ पावलं चालावं लागे, तिथे ४५ पुरू लागली. पाय दुखणाऱ्या बायकांवर हे उपकारच होते. पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा मी रोज वापरते आणि तो बनवण्यातही तिचा वाटा होता हे विसरत नाही. पण पावलं मोजणारी नजर उभ्या माणसावर खिळलेली असते. विरजणाला एकही पाऊल लागत नाही. फडक्यात बांधलेली मटकी रात्रभर काही न करता निम्मं काम उरकते, आणि त्या मोजणीत तिला कुठे रकानाच नाही.

म्हणूनच दिवसाची सुरुवात सगळ्यांत अवघड किंवा सगळ्यांत महत्त्वाच्या कामाने करावी हा सल्ला मला निम्माच पटतो. त्याआधी पाच-दहा मिनिटं सगळ्यांत संथ कामांना द्यावीत. ज्या पत्राचं उत्तर यायला आठवडा लागणार आहे ते पत्र. शिंप्याकडे द्यायचा ब्लाउज. दाखल्याचा अर्ज. ज्याच्या होकारावाचून पुढचं सगळं अडणार आहे त्या माणसाला एक फोन. यांतलं एकही काम मोठं नाही, म्हणून ती यादीच्या तळाशी जातात, आणि मग तहान लागल्यावर आपण विहिरीची जागा शोधत फिरतो. माझ्या लिहिण्याच्या कामातही हेच. एक परिच्छेद संध्याकाळी कच्चाच लिहून ठेवला, तर सकाळी त्यातलं खोटं चटकन दिसतं. रात्रभर मी त्यावर काही केलेलं नसतं.

यालाही मर्यादा आहे. एकदम चार गोष्टी भिजत घातल्या तर चारही एकदम तयार होतात. मटकीला मोड आलेत, इडलीचं पीठ पातेल्याबाहेर निघालंय, वाल सोलायला हवेत, आणि नेमका त्याच दिवशी बाहेर जेवायचं ठरतं. मोड आलेली मटकी वाट बघत नाही, दुसऱ्या दिवशी तिला वास यायला लागतो. डायरीतलं काम पुढच्या तारखेवर ढकलता येतं, हे ढकलता येत नाही. शिवाय घड्याळाची खात्री नाही. मे महिन्यात विदर्भात पीठ काही तासांत फसफसतं आणि डिसेंबरात नाशिकला दह्याचं भांडं उबेत ठेवूनही सकाळी दूध ते दूधच. किती वेळ, याला पुस्तकी उत्तर नाही. झाकण उघडून बघावं लागतं. नुसतं पाण्यात टाकून विसरलं तर त्याचं खरोखरच भिजत घोंगडं होतं.

आणि हे बघणं, आठवणं कुणाकडे असतं? अ‍ॅलिसन डॅमिंजर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईने ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ साली याचा अभ्यास मांडला. घर चालवताना डोक्याला जे काम पडतं त्याचे तिने चार भाग केले: पुढचं ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं का ते बघत राहणं. ठरवण्यात दोघंही बऱ्यापैकी असतात. पुढचं ओळखणं आणि बघत राहणं हे मात्र जास्त करून बायकांकडे. आपल्याकडे यासाठी दूर जायला नको. आता कितीतरी घरांत पुरुष उत्तम स्वयंपाक करतात. रविवारी छोले तर फर्मास. काबुली चणे शनिवारी रात्री कुणी भिजत घातले, असं मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: अगं, सांगायचंस ना, मी घातले असते.

सांगायचं म्हणजे आठवायचं, आणि आठवून झालं की उरतं काय? चणे धुऊन पाण्यात टाकायचे, एवढंच. माझ्या एका मैत्रिणीने यावर शांतपणे तोडगा काढला. तिने स्वयंपाकाची वाटणी मोडली आणि उद्याची केली. सोमवार ते बुधवार उद्याचं तिने बघायचं, गुरुवारपासून नवऱ्याने. ज्याचा वार, त्याने झोपायच्या आधी तो प्रश्न स्वतःला विचारायचा, दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. गप्प बसणं तिला फार जड गेलं, असं ती सांगते. मध्यंतरी एका एकादशीला दोघांनी केळी खाऊन दिवस काढला. आता शनिवारी रात्री तोच विचारतो, सोमवारी डोसे करायचे असतील तर तांदूळ उद्या सकाळीच टाकू का? आणि ती म्हणते, रविवारचं उद्या तुझ्याकडे आहे, मला विचारू नकोस.