तिसऱ्यांदा तेच सांगताना

मुंबईत एखाद्या संस्थेच्या प्रवक्त्याला एकच उत्तर सहसा तीनदा द्यावे लागते: आधी मराठीत, मग हिंदीत आणि शेवटी इंग्रजीत. कॅमेऱ्यापुढे दिलेल्या अशा छोट्या उत्तराला वाहिन्यांच्या व्यवहारात ‘बाइट’ म्हणतात, तर वाहिनीचे बोधचिन्ह अडकवलेल्या माइकला ‘बूम’ म्हणतात. दहा-बारा बूम एकाच तोंडापुढे आलेले असताना मराठीतला बाइट संपतो न संपतो तोच मागून ‘सर, हिंदी में’ अशी हाक येते, आणि तिथूनच या व्यवसायातल्या सर्वांत चिवट अडचणीला सुरुवात होते. अडचणीचा प्रश्न कसा पेलावा, माहिती हाती नसेल तर काय म्हणावे, हे या कामातल्या माणसांना पाठ असते. परंतु पहिल्या बाइटमध्ये नेमके बसलेले उत्तर दुसऱ्या वा तिसऱ्या बाइटमध्ये का घसरते, याचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकाला सव्वीस वर्षांच्या नोकरीत सापडले नाही.

याचे एक कारण उघड आहे. मराठी आणि हिंदी या भाषांचे पुष्कळ शब्द दिसायला एक असले तरी अर्थाने वेगळे आहेत, आणि घाईत बोलणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडून ते नेमके चुकीच्या जागी पडतात. दोषींना ‘शिक्षा’ होईल असे हिंदीत म्हटले तर ऐकणाऱ्याला ते दोषींना शिकवण्याचे आश्वासन वाटते. मराठीतली ‘आपत्ती’ हिंदीत हरकत होते आणि ‘राजीनामा’ हा दोन पक्षांतला समझोता ठरतो. ‘चौकशी चालू आहे’ हे वाक्य हिंदीत ‘चौकसी चल रही है’ असे बोलले गेले, म्हणजे तपासाची जागा दक्षता घेते आणि ज्या प्रश्नाला उत्तर द्यायचे होते तो तसाच राहतो. तथापि अशा चुका यादी करून टाळता येतात. कामावर नव्याने आलेल्याला ही यादी पहिल्या आठवड्यातच दिली, की त्याचे निम्मे भय जाते.

यादीने न टळणारी अडचण निराळी आहे. दुसऱ्या भाषेत बोलताना माणूस शब्द निवडत नाही, तर तयार वाक्ये उचलतो, आणि मराठी माणसाच्या हिंदीतली तयार वाक्ये बहुधा चित्रपटांतून आलेली असतात. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी मोठ्या शहरांत असे लहानसहान प्रकार घडत असतात, अशा अर्थाचे विधान हिंदीत केले. त्याचे ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या 1995 च्या चित्रपटातील एका प्रसिद्ध संवादाशी असलेले साम्य लोकांच्या लगेच ध्यानात आले, आणि 1 डिसेंबर रोजी पाटील यांनी पद सोडले. विधान भाषेइतकेच विचारानेही चुकले होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याने ग्रामस्वच्छता अभियान गावोगावच्या माणसांच्या गळी उतरवले, त्या तासगावच्या वक्त्याच्या तोंडी मराठीत हे वाक्य त्याच घडणीने आले असते का, हा प्रश्न या व्यवसायातल्या माणसाला सोडत नाही.

प्रस्तुत लेखकाचा दोष मात्र कच्च्या हिंदीचा नव्हता, उलट चांगल्या हिंदीचा होता, आणि तिचा त्याला गर्व होता. एका पावसाळ्यात तो ज्या उपक्रमात काम करीत होता त्याची सेवा बंद पडली असता त्याने मराठीत ‘पाणी ओसरल्यावर सेवा सुरू होईल, वेळ आत्ता सांगता येत नाही’ एवढेच सांगितले. हिंदीत मात्र भाषेचा ओघ लागला आणि त्या ओघात ‘घबराने की कोई बात नहीं’ हे शब्द वाढले. संध्याकाळपर्यंत पडद्याखालच्या पट्टीवर तेवढेच उरले. एका मराठी दैनिकाने ते हिंदीवरून पुन्हा मराठीत आणले, आणि दुसऱ्या दिवशी कमरेइतक्या पाण्यातून मूल खांद्यावर घेऊन चाललेल्या माणसाच्या छायाचित्राखाली ‘घाबरण्याचे कारण नाही : अधिकाऱ्याचा दावा’ अशी ओळ छापून आली. जे वाक्य मराठीत उच्चारलेच नव्हते, त्याचा खुलासा मराठीत द्यावा लागला. अधिक लाजिरवाणी गोष्ट अशी, की तो बाइट त्याने रात्री घरी तीनदा पाहिला होता आणि तिन्ही वेळा त्याला आपले उच्चार आवडले होते.

अलीकडे जनसंपर्क संस्था अधिकाऱ्यांना ‘ब्रिजिंग’ शिकवतात, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला ओझरता स्पर्श करून ठरलेल्या मुद्द्यावर येण्याची युक्ती. ती शिकलेला माणूस ओळखू येतो, कारण त्याची उत्तरे कोणत्याही प्रश्नाला चालतात. त्याहून पुढची पायरी म्हणजे प्रश्नकर्त्यालाच वगळणे: स्वतःचे निवेदन स्वतःच चित्रित करून व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि वाहिन्यांनी ते बाइट म्हणून दाखवायचे. यात चुका कमी होतात हे खरे. परंतु ज्याला कुणी मध्येच अडवू शकत नाही अशा बोलण्याला मुलाखत म्हणणे, हे शब्दाचा गैरवापर करणे आहे. पूर्वीचे वार्ताहर जिना चढून येत, चहा घेत आणि मग छळत. त्या छळाची सवय असलेला प्रवक्ता निदान आपले वाक्य तपासून बोलत असे. हे मत वयाचेही असू शकते.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी हाताखाली आलेल्या तरुण अधिकारी बाईंनी प्रस्तुत लेखकाची पद्धत मोडली. त्या कोकणातल्या, त्यांची हिंदी जेमतेम, आणि ती सुधारण्यासाठी लेखकाने त्यांना वर्षभर छळले. त्या मात्र मराठी उत्तर तीन वाक्यांत कागदावर लिहीत, त्याची हिंदी वाक्ये शेजारच्या कक्षातल्या हिंदी अनुवादकाकडून तपासून घेत आणि कॅमेऱ्यापुढे ती तेवढीच म्हणत. चौथ्या वाक्यासाठी बूम आणखी पुढे आले, की त्यांच्याजवळ शब्दच नसत, म्हणून त्या गप्प राहत. आणि वार्ताहर थोडा वेळ थांबून निघून जात. जिला लेखक उणीव समजत होता, तिनेच त्यांना राखले. ‘सर, मला येतं तेवढंच मी बोलते,’ असे त्या एकदा म्हणाल्या तेव्हा लेखकाला ते रुचले नव्हते.

त्यांच्या हिंदी बाइटवर आजवर एकही खुलासा द्यावा लागलेला नाही. लेखकाच्या नावावर कार्यालयाच्या फाइलीत असे सात खुलासे आहेत, आणि त्यांतले सहा हिंदी बाइटचे आहेत.