नाक्यावर अडलेली मिरची

तापलेल्या मिरचीचा वास तुम्हाला ठाऊक असेलच. मी तो एका राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर घेतला आहे. जाफराबादहून हिरवी मिरची भरलेला ट्रक तिथे अडला. माल चोख होता, पण ट्रकला पलीकडच्या राज्यात जायचा परवाना नव्हता. दुसऱ्या दिवशी गाडी सुटली तोवर गोण्या आतून वाफाळल्या होत्या. पट्टी आली ती भाड्यालाही पुरली नाही.

घटनेच्या ३०१व्या कलमात देशभर व्यापार मुक्त आहे असे लिहिलेले. मग ही अडवणूक कशी? एका वकिलांनी समजावले. राजस्थानच्या गाडीमालकांनी वाहनकराविरुद्ध असेच गाऱ्हाणे नेले होते. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, रस्त्याच्या सोयीबद्दल घेतलेला कर आणि वाहतुकीचे नियम म्हणजे व्यापाराला आडकाठी नव्हे. २०१६ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सोयीच्या भरपाईचा हा मुद्दा काढून टाकला, तरी भेदभाव नसलेला कर लावायचा राज्यांचा हक्क राहिलाच. म्हणजे मिरची मोकळी, गाडी बांधलेली!

१९७५ पासून ट्रकला राष्ट्रीय परवाना मिळतो. गाडी आणि माल मिळून तीन हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला परवाना लागत नाही, मोठीला लागतो.

आता मी भाडे ठरवण्याआधी कागद मागतो. मागच्या हंगामात ड्रायव्हर चिडला, "काका, मिरची भरायची का कागद वाचायचे?" वाचले. मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली होती. दुसरी गाडी बोलावली.