मधलं माणूस

आमच्या गावाला डॉक्टर कधी मिळाला नाही, आणि मिळेल असं मला वाटतही नाही. गाव बालाघाटाच्या डोंगरावर, बीड जिल्ह्याच्या पार कडेला. माणसं दीड हजार, त्यातली निम्मी दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन साखर कारखान्यावर. एवढा शिकलेला माणूस इथं येऊन खाणार काय? त्याच्यावर माझा राग नाही. आम्हाला पाहिजे होतं ते डॉक्टर आणि आम्ही यांच्या मधलं माणूस, रात्री हाकेला ओ देणारं.

असं माणूस आमच्या लहानपणी नव्हतं असं नाही. सायकलवर एक सुईवाला यायचा. कधीकाळी तालुक्याच्या दवाखान्यात पुड्या बांधायचा म्हणे. ताप असो, हगवण असो, कंबर धरलेली असो, एकच तांबडं इंजेक्शन. माझ्या चुलत्याला त्या सुईनं गळू झालं, दोन महिने पालथा झोपला. तरी तो त्याला 'डाक्टर'च म्हणायचा. "दुसरं कोन आलं रं हितं? त्यो आला तरी व्हता की," म्हणायचा. या बोलण्यावर आजही मला उत्तर सापडत नाही.

डोंगर उतरला की जामखेड. तिथं 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी त्या त्या गावातल्याच बायका निवडल्या, कितीतरी जणी अंगठा लावणाऱ्या, आणि त्यांना शिकवून परत त्याच गावात कामाला लावलं. माझ्या मावशीचं गाव त्या पट्ट्यात. जुलाबानं मान टाकलेल्या पोराला तिथली एक बाई मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत बसलेली मी स्वतः बघितली. संध्याकाळी पोर उठून बसलं. आमच्या गावात येऊन सांगितलं तर लोक हसले. सुई न टोचता कुठं माणूस बरं होतंय का!

पुढं आम्हाला उपकेंद्र मिळालं. सपाटीवर पाच हजार लोकांमागं एक आणि डोंगरी भागात तीन हजारांमागं एक, असा नियम आहे. आजूबाजूच्या वाड्या धरून आमचा आकडा भरला. इमारत झाली, रंग झाला, मग कुलूप आलं. सिस्टर लसीकरणाला यायच्या आणि दुपारच्या एसटीनं जायच्या. गाव त्यांना शिव्या द्यायचं. एकदा मी त्यांची राहायची खोली आत जाऊन बघितली. नळ होता, पाणी नव्हतं. संडास होता, दार नव्हतं. मागच्या बांधाला दारूचा गुत्ता. आपली लेक तिथं एक रात्र कोण ठेवील?

2018 नंतर सरकारनं उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं करायला घेतली आणि त्यात 'समुदाय आरोग्य अधिकारी' असं नवं पद आणलं. आयुर्वेदाचा डॉक्टर नाहीतर नर्सिंग शिकलेलं माणूस घ्यायचं, त्याला सहा महिन्यांचं वेगळं शिक्षण द्यायचं आणि उपकेंद्रावर बसवायचं. आमच्याकडं ज्या ताई आल्या त्या नर्सिंगच्या पदवीवाल्या. पहिल्या दिवशी पारावर चौकशी झाली.

"ताई, तुम्ही डॉक्टर का नर्स?"

"दोन्हीच्या मधली म्हणा, आजोबा."

"मंजी खेचर," म्हातारा म्हणाला. सगळे हसले. ताईही हसल्या, पण लगेच त्याच्या दंडाला पट्टा बांधला. दाब दोनशेच्या वर! त्याला खाली तालुक्याला पाठवलं, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, तेव्हापासून दर महिन्याला ती ताईंकडून मिळायला लागली.

ताई राहतील का, हा खरा प्रश्न होता. त्यावर पुरुषांनी ग्रामसभेत तासभर भाषणं केली. माझी मंडळी घरी म्हणाली, "आदी संडासाला दार लावा, मग ठराव करा." आमच्या पडलेल्या वाड्याचं सागवानी दार मी कापून बसवलं. आमच्या बोअरवरून पाइप टाकला. गुत्ता बचत गटाच्या बायकांनी हलवला. कसा, ते आम्ही विचारलं नाही. शिवाय त्यांनीच नियम केला, की दिवेलागणीनंतर गडीमाणसानं एकट्यानं उपकेंद्राची कडी वाजवायची नाही, सोबत घरची बाई पाहिजे.

दोन वर्षांमागं श्रावणात माझ्या पुतण्याचा पोरगा पहाटे तीनला पोट धरून रडत उठला. अकरा वर्षांचा, भुईवर निजलेला. एक उलटी झाली. आजीनं ओवा चावायला दिला, कोणी म्हणालं दृष्ट काढा. पुतण्याच्या बायकोनं मात्र त्याला उचलला आणि तडक उपकेंद्र गाठलं. आम्ही मागून बॅटरी घेऊन पोचलो.

ताईंनी पोटाला हात लावला, मग त्याला म्हणाल्या, "माझ्याकडं बघ. डोळे मोठे कर." पोराच्या पापण्या वर जाईनात. झोपेनं पेंगल्यासारखा दिसत होता.

"खाली झोपला होता का?"

"व्हय."

"मण्यार असेल. डाग शोधत बसू नका, बऱ्याचदा दिसतही नाही. माझ्याकडं याचं औषध नाही. जीप काढा."

सुईवाला असता तर 'औषध नाही' हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नसते. ताईंनी 108 ला फोन केला, ती गाडी घाटाखाली भेटेल असं ठरवलं आणि स्वतः जीपमध्ये मागं बसल्या. पोराचं डोकं मांडीवर, हातात तो श्वास भरायचा रबरी फुगा. निम्मा घाट उतरलो आणि पोराचा श्वास तुटायला लागला. तिथून ताई फुगा दाबत राहिल्या. जीपमध्ये कोणी बोलत नव्हतं, नुसता त्या फुग्याचा फस्स-फस्स आवाज. ग्रामीण रुग्णालयात सापाची लस दिली, तिथून जिल्ह्याला हलवलं. पाच दिवस मशिनीवर होता. आता सातवीत आहे, गणितात कच्चा आहे.

2019 साली दिल्लीत वैद्यकीय आयोगाचा कायदा झाला. त्यात अशा मधल्या लोकांना मर्यादित परवाना देण्याचं कलम होतं, म्हणून डॉक्टर लोक संपावर गेले. खेड्यातल्या लोकांच्या गळ्यात अर्धवट डॉक्टर बांधू नका, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नाही. चुलत्याचं गळू मी बघितलंय. पण अर्धवट तो, ज्याला आपली हद्द कळत नाही. अमेरिकेत 1965 साली ड्यूक विद्यापीठानं नौदलातून सुटून आलेल्या, जखमींना सांभाळलेल्या जवानांना घेऊन असाच डॉक्टरांच्या मदतनिसांचा वर्ग सुरू केला, हे ताईंनीच मला सांगितलं. म्हणजे तिथल्या खेड्यांनाही डॉक्टर पुरत नव्हतेच!

ताईंची नोकरी कंत्राटी. लग्न ठरलं, सासर लातूरकडं, त्या गेल्या. निरोपाला बायका वेशीपर्यंत गेल्या, दोघी-तिघी तर एसटीत चढून पुढच्या फाट्यापर्यंत.

फेब्रुवारीपासून जागा रिकामी आहे. आम्ही दोनदा जिल्ह्याला जाऊन अर्ज देऊन आलो, दोन्ही वेळा 'भरती निघाली की बघू' ऐकून परत. आता बायका जाणार म्हणतात. खोलीला चुना झालाय, पाण्याला धार आहे, दाराची आतली कडी मी नवी बसवलीय. खेचर म्हणणारा म्हातारा रोज सकाळी पारावर गोळ्यांचं पाकीट उजेडात धरून मोजतो. आज अकरा राहिल्यात.